सोळा खाने, नऊशे शहात्तर बिट: जोडण्या बदलता येणाऱ्या चिपच्या नोंदी

काम असं आहे. लॉजिकचे छोटे खाने चौकटीत मांडायचे आणि त्यांच्यामधली कुठली तार कुठे जोडायची ते चिप बनून झाल्यावर, आत बिट भरून ठरवायचं. म्हणजे स्वतःची एफपीजीए, अगदी बाळबोध. आधी १६ खाने विकतच्या बोर्डावर चालवून बघायचे, मग ६४ खान्यांचा लेआउट स्काय-१३० वर (चिप बनवायची १३० नॅनोमीटरची खुली पद्धत) काढायचा. ६४ एवढ्यासाठी, की १९८५ साली आलेल्या झायलिंक्सच्या एक्ससी २०६४ मध्ये तेवढेच होते. प्रत्यक्ष चिप छापून आणण्याचा बेत नाही, तेवढे पैसे नाहीत.

दिवसा सीप्झमध्ये (अंधेरीची उद्योग वसाहत) टेस्ट जिग, म्हणजे तयार बोर्ड तपासायची साधनं, बनवते. हे काम गिरगावात घरी, रात्री साडेनऊनंतर, आईची मालिका संपली की.

८ जून २०२४, शनिवार

लॅमिंग्टन रोडला जाऊन आईस-४० एचएक्स१के या छोट्या तयार एफपीजीएचा बोर्ड आणला. ४,२०० रुपये. १२८० लॉजिक सेल आहेत त्यात. मला १६ खाने करायचेत, म्हणजे एका खान्याला ८० सेल. रग्गड झाले, असा हिशोब दुकानातच उभ्या उभ्या केला. हा हिशोब लक्षात ठेवा.

२२ जून

दोन आठवडे फक्त एलयूटीवर (लुकअप टेबल: उत्तरांचा तक्ता, इनपुट म्हणजे त्यातल्या जागेचा पत्ता). चार इनपुट, सोळा बिटांचा तक्ता, त्यातून एक बिट निवडणारा १६:१ मक्स, पुढे एक फ्लिप-फ्लॉप (घड्याळाच्या ठोक्याला एक बिट धरून ठेवणारा) आणि तो वापरायचा की नाही याचा एक बिट. एकूण १७ बिट. व्हेरिलॉग (हार्डवेअर लिहायची भाषा) तीन वेळा लिहिलं, तिन्ही वेळा सुंदर दिसलं. तारांचं नंतर बघू म्हटलं.

३० जून

तारांचं बघितलं.

पहिला विचार सरळ होता: प्रत्येक एलयूटीच्या प्रत्येक इनपुटला सगळ्यांचे आउटपुट दिसू देत. १६ खाने आणि बाहेरून येणारे ८ सिग्नल, म्हणजे २४:१ चा मक्स, असे ६४. स्काय-१३० च्या तयार गेटांच्या लायब्ररीत चार-इनपुट मक्सला २२.५ चौरस मायक्रॉन लागतात, दोन-इनपुटला ११.३. कागदावर मांडलं तर २४:१ ला साधारण १८० आणि सगळ्यांचे मिळून साडेअकरा हजार. चालेल.

मग तेच ६४ खान्यांसाठी केलं. आता ७२:१ चे मक्स, असे २५६. प्रत्येकी ५४०. बेरीज १,३८,००० च्या वर. खाने चौपट झाले आणि तारांचा खर्च बारापट. रात्री पाऊण वाजता ही बेरीज दुसऱ्यांदा केली, आकडा तोच आला. सगळ्यांना सगळ्यांशी जोडायचा नाद सोडला.

८ जुलै, सोमवार

पहाटेपासून पाऊस, रुळांवर पाणी, लोकल ठप्प. ऑफिसला जाता येत नाही म्हणून पूर्ण दिवस मिळाला. या प्रकल्पातला सगळ्यात कामाचा दिवस पावसानेच दिला.

नवीन मांडणी: प्रत्येक खान्याने फक्त चार शेजाऱ्यांशी बोलायचं. प्रत्येक बाजूला चार तारा बाहेर, चार आत. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक तारेवर एक चार-इनपुट मक्स: इतर तीन बाजूंनी आलेली एकेक तार, आणि चौथा स्वतःच्या एलयूटीचा आउटपुट. असे १६ मक्स, ३२ बिट. एलयूटीच्या प्रत्येक इनपुटला आत येणाऱ्या १६ तारांपैकी आठच दिसतात, ८:१ मक्स, तीन बिट, चार इनपुटचे १२. एलयूटीचे १७ आधीचेच. एकूण ६१.

जागेचा हिशोब, एका खान्याचा, चौरस मायक्रॉनमध्ये: बाहेरच्या तारांचे मक्स ३६०, इनपुटचे मक्स २२५, एलयूटीचा मक्स ११३, फ्लिप-फ्लॉप आणि त्याचा बायपास ३१, आणि ६१ बिट साठवायला प्रत्येकी २० चा फ्लिप-फ्लॉप म्हणून १,२२१. एकूण १,९५०.

हे आकडे भिंतीवर चिकटवलेत. जवळपास त्रेसष्ट टक्के जागा नुसती आठवण ठेवायला. त्या ६१ बिटांतले ४४ तारांचे आहेत, ते तारांच्या खात्यात टाकले तर पाऊण खाना जोडण्यांनीच खाल्ला. ज्या एलयूटीला मी दोन आठवडे नटवलं त्याचा मक्स सहा टक्के. हे काम करायला घेणाऱ्याने पहिल्या दिवशी स्विच बॉक्स (तारा वळवणाऱ्या मक्सचा गट) आखावा; एलयूटी एका संध्याकाळीत होतो.

१४ जुलै

इकारसमध्ये (व्हेरिलॉग चालवून बघायचं सॉफ्टवेअर) सिम्युलेशन. सगळीकडे लाल एक्स, म्हणजे ० की १ ते ठरत नाही. काठावरच्या खान्यांना बाहेरच्या बाजूने कोणी शेजारी नाही, त्या तारा लोंबकळत होत्या. एलयूटीचा एखादा इनपुट वापरातच नसला तरी तो अशा तारेकडे बघत असेल तर तक्त्याचा पत्ता एक्स होतो आणि उत्तरही एक्स. काठावरच्या सगळ्या मोकळ्या तारा शून्याला बांधल्या. दोन रात्री गेल्या, दुरुस्ती चार ओळींची.

२० जुलै

बोर्डात बसत नाही. एका खान्याला १३५ च्या आसपास सेल लागताहेत. कॉन्फिगच्या (खान्यांत भरायच्या बिटांच्या) साखळीतला प्रत्येक फ्लिप-फ्लॉप स्वतःचा एक सेल अडवतो, हे दुकानात उभं राहून हिशोब करताना सुचलं नव्हतं. नऊ खानेही जेमतेम. परत लॅमिंग्टन रोड, या वेळी यूपी५के चा बोर्ड, ५,२८० सेल, ६,५०० रुपये. जुना बोर्ड कॉलेजच्या मित्राला दिला. तो म्हणाला, "पुढच्या वेळी मला विचारून चुकीचा घे."

सोळा एलयूटी चालवायला दुसऱ्याचे एकवीसशे-बावीसशे सेल. बदलता येण्याची किंमत इतकी स्पष्ट कुठे दिसली नव्हती.

३ आणि ४ ऑगस्ट

ही नोंद लांब आहे, कारण सगळ्यात जास्त डोकं इथे गेलं.

बोर्डावर पहिल्यांदा कॉन्फिग भरायला घेतलं. ९७६ बिट, एका लांब शिफ्ट रजिस्टरमधून सरकत सरकत जातात. भरताना यूएसबीच्या मीटरवर (३५० रुपये, घ्याच) करंट दुप्पट झाला आणि चिपला बोट लावलं तर कोमट. भरून झालं की खाली. कधी कधी खाली यायचाच नाही.

आधी वाटलं शॉर्ट आहे. बोर्ड फुंकून, पुसून झाला. केबल बदलली. मग सिम्युलेशनमध्ये तेच करून बघितलं, तर इकारस एका जागी अडकून बसलं. सिम्युलेशनचं घड्याळ पुढे सरकेना आणि लॅपटॉपचा पंखा मात्र विमानासारखा. तिथे ट्यूब पेटली.

या जाळीत तार खान्यातून बाहेर पडते, वळते, वळते, वळते आणि चार खान्यांचा फेरा मारून मूळ जागी येऊ शकते. शेवटी जे कॉन्फिग भरायचंय त्यात असा फेरा नाही. पण बिट सरकत असताना मधल्या प्रत्येक क्षणी जाळीत कुठलं तरी अर्धवट, कोणी न ठरवलेलं कॉन्फिग असतं. त्यातल्या एखाद्यात फेरा तयार होतो, फेऱ्यात उलट करणारा एलयूटी सापडला की झाला ऑसिलेटर. असे पाच-सहा एकदम सुरू झाले की चिप तापते. कधी कधी करंट खाली न येण्याचं कारण वेगळं: सरकवणारं घड्याळ एक ठोका कमी देत होतं, त्यामुळे शेवटचं कॉन्फिगच एका बिटाने घसरलेलं.

सगळे मक्स बंद करायचा विचार केला, पण तेवढ्याची गरज नाही. नुसत्या तारांचा फेरा स्वतःहून नाचत नाही, तो जे आहे ते धरून बसतो. नाचवतो तो एलयूटी. म्हणून प्रत्येक एलयूटीच्या आउटपुटवर एक अँड गेट आणि "भरून झालं" नावाचा एक सिग्नल सगळ्यांना. तो येईपर्यंत सगळे एलयूटी शून्य. खान्यामागे सव्वासहा चौरस मायक्रॉन. करंट हलायचा थांबला.

दुसरी चूक याच वेळी सापडली. मक्सचा ००वा पर्याय मी "डावीकडे वळ" असा ठेवला होता. म्हणजे सगळे बिट शून्य असले की सगळ्या तारा डावीकडे वळत गोल फिरतात. ००वा पर्याय "सरळ जा" केला. आता शून्य भरलं तर तार काठापर्यंत जाऊन थांबते.

११ ऑगस्ट

खान्यातले बिट उलट क्रमाने पाठवले होते, खाने मात्र सरळ क्रमाने. एक रात्र.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

मामा डोंबिवलीहून गणपतीला आले. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, उमेदीची वर्षं क्रॉसबार एक्स्चेंजमध्ये (उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या जाळीने फोन जोडणारं केंद्र) काढलेली. भिंतीवरचा कागद बघून म्हणाले, "अगं, हे तर आमचंच."

त्यांना ३० जूनची बारापट सांगितली. हसले. दहा हजार वर्गणीदार असले तरी दहा हजार जण एका वेळी बोलत नाहीत. गर्दीच्या तासाला किती बोलतात ते मोजायचं आणि तेवढेच मार्ग ठेवायचे, हे त्यांचं रोजचं काम होतं. चार्ल्स क्लॉसचं नाव त्यांच्या प्रशिक्षणात ऐकलेलं. १९५३ मध्ये बेल लॅबच्या या माणसाने दाखवलं की एकाच मोठ्या जाळीऐवजी तीन टप्पे केले तर कोणाचीही वाट न अडता स्विच वाचतात. १०० लाइनींना एका जाळीत १०,००० जोडबिंदू लागतात, तीन टप्प्यांत ५,७००. मोदक खाता खाता मामांनी ते ताटाच्या कडेला बोटाने काढून दाखवलं.

मी क्लॉसची रचना घेतली नाही. टेलिफोनवर कोण कोणाला लावेल याचा नेम नसतो. सर्किटमध्ये मात्र ज्यांचं एकमेकांशी काम असतं त्यांना शेजारी बसवता येतं. पण मामांचा एक प्रश्न टोचला: "मार्ग कोण शोधतं तुझ्या यंत्रात?"

तोपर्यंत मीच शोधत होते. वहीत, पेन्सिलीने.

१५ सप्टेंबर

पायथॉनमध्ये राउटर, म्हणजे तारांचे मार्ग शोधणारा प्रोग्रॅम. चाचणीसाठी सर्किट निवडलं: चार बिटांचा काउंटर आणि त्याचा आकडा सात-खंडी डिस्प्लेवर. काउंटरचे चार एलयूटी (सगळ्यात वरच्या बिटाला नेमके चार इनपुट लागतात, बरोबर बसतो), डिस्प्लेचे सात. सोळापैकी अकरा. लहान वाटतं, पण काउंटरच्या चारही बिटांना सातही ठिकाणी जायचंय.

पहिला राउटर एकेक नेट (एका आउटपुटपासून त्याच्या सगळ्या इनपुटपर्यंतची जोडणी) घेऊन जवळचा मार्ग देत होता. पहिल्या आलेल्यांनी मधल्या तारा बळकावल्या, मागून आलेले बाहेर. क्रम बदलून बघितला तर अडकणारे बदलतात, अडकणं थांबत नाही.

मग पाथफाइंडर लिहिला, मॅकमर्ची आणि एबलिंग यांची १९९५ ची पद्धत. सुरुवातीला सगळ्यांना हवा तो मार्ग घेऊ द्यायचा, एका तारेवर तिघे आले तरी चालेल. मग त्या तारेचा भाव वाढवायचा आणि सगळ्यांना पुन्हा मार्ग शोधायला लावायचे. ज्याला दुसरी वाट परवडते तो आपोआप सरकतो, ज्याला नाहीच तो जास्त भाव देऊन राहतो. दीडशे ओळींत झालं. माझी एकच चूक: जुन्या गर्दीचा भाव प्रत्येक फेरीत पुसून टाकत होते, त्यामुळे दोन नेट रात्रभर एकमेकांच्या जागा अदलाबदल करत राहिले. भाव साठत गेला पाहिजे.

तरीही तीन नेट बसेनात.

१८ सप्टेंबर

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली होती. चौपाटीच्या रस्त्यावर गुलाल आणि चपलांचे ढीग, घरात शांतता.

तीन नेट का बसत नाहीत ते रंगीत पेनांनी काढलं. माझ्या स्विच बॉक्समध्ये ० क्रमांकाची तार वळली तरी ० च राहते, १ ची १. म्हणजे एक जाळी नाहीच, एकमेकींना कधी न भेटणाऱ्या चार जाळ्या आहेत. ० वर निघालेला सिग्नल २ बघणाऱ्या इनपुटला कधीच दिसणार नाही.

टोरोंटोच्या स्टीव्ह विल्टन यांनी १९९७ च्या प्रबंधात दिलेली युक्ती: सरळ जाताना क्रमांक तोच, वळताना बदलायचा. मक्स तितकेच, बिट तितकेच, जागा तितकीच. फक्त तारा तिरक्या. व्हेरिलॉगमध्ये बदल एका ओळीचा, वळणाच्या वेळी क्रमांकात एक मिळवून चारने भागल्यावरची बाकी.

नवव्या फेरीत सगळे नेट बसले. सिम्युलेशनमध्ये ० ते १५ सगळे आकडे माझ्या तक्त्याशी जुळले.

ऑक्टोबर, एकत्र

लेआउटचा महिना. रोजच्या नोंदी ठेवल्या नाहीत, वैताग होता. जे अडलं ते सांगते.

ओपनलेनला (व्हेरिलॉगवरून लेआउट काढणारं टूल) ६४ खाने एकत्र सपाट करून दिले. तीन तास चालून मेमरी संपून मेलं. रॅम वाढवली, २,९०० रुपये. मग पूर्ण झालं, पण उपयोग शून्य: टूलला जाळीतले फेरे दिसतात, ते स्वतःच्या मर्जीने कुठेतरी तोडतं आणि मग टायमिंगचे आकडे कुठल्या मार्गाचे ते कळत नाही. उपाय जागेवरच होता. एका खान्याच्या आत फेरा नाहीच, तो खाने जोडल्यावर होतो. म्हणून एकच खाना पक्का करायचा आणि ६४ वेळा ठेवायचा. एका खान्याला सात मिनिटं.

पिना टूलला ठेवू दिल्या तर पूर्वेच्या पिना आणि शेजाऱ्याच्या पश्चिमेच्या पिना वेगवेगळ्या उंचीवर येतात. पिनांच्या क्रमाची फाइल हाताने लिहिली.

खाना ५७ मायक्रॉनचा आणि वीज नेणाऱ्या उभ्या पट्ट्यांमधलं टूलचं ठरलेलं अंतर दीडशेच्या वर. खान्यात पट्ट्या मावतच नव्हत्या. एररमध्ये हे लिहिलेलं असतं, मी चार दिवस वाचलं नाही.

मग होल्ड, म्हणजे बिट फार लवकर पुढे पोचण्याची अडचण. खान्याच्या आतला घड्याळाचा उशीर वरच्या पातळीला दिसत नव्हता, त्यामुळे एका खान्यातून दुसऱ्यात सरकणारा बिट एका ठोक्यात दोन उड्या मारेल अशी भीती. प्रत्येक खान्याच्या शेवटी उतरत्या कडेवर चालणारा एक जास्तीचा फ्लिप-फ्लॉप टाकला. जागा गेली, झोप आली.

आणि लॅच, म्हणजे सिग्नलने उघडं असेपर्यंत बिट आत घेणारी छोटी साठवण. फ्लिप-फ्लॉपऐवजी लॅच वापरले तर बिटामागे २० ऐवजी १५, खान्यामागे ३०५ चौरस मायक्रॉन वाचतात. अकरा रात्री घालवल्या. लॅच उघडणाऱ्या सिग्नलवर क्षणभर जरी खोटा ठोका आला तरी चुकीचा बिट आत जातो, आणि माझ्या डिकोडरमधून असे ठोके येत होते. ते डिकोडर रजिस्टर करून थांबवता येतात. मी थकले होते. साखळीवर परत आले.

२७ तारखेला ६४ खान्यांचा लेआउट डीआरसी (आकार-अंतरांचे नियम पाळले का) आणि एलव्हीएस (लेआउट सर्किटशी जुळतो का) या दोन्ही तपासण्यांतून स्वच्छ निघाला. आतापर्यंतचा खर्च १३,९५० रुपये, त्यातला पहिला बोर्ड निव्वळ पाण्यात.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

मामा आईकडे ओवाळून घ्यायला येणार म्हणून आदल्या रात्री २५ रुपयांचा डिस्प्ले बोर्डाला जोडून ठेवला. १६ खान्यांवर तेच सप्टेंबरचं कॉन्फिग.

मामांनी चष्मा लावला, आकडे एक फेरा बघितले, दुसरा फेरा बघितला. म्हणाले, "अगं, यात सहा दोनदा येतो."

अकरा हा आकडा सोळा-पद्धतीत (हेक्स) छोट्या "बी"ने दाखवतात आणि मी सहाला वरची आडवी रेघ दिली नव्हती. दोन्हींचा आकार तंतोतंत एक. चाचणी याच तक्त्यावरून बनवलेली, मग चूक पकडणार कोण.

वरच्या रेघेच्या एलयूटीत सहाव्या जागेचा बिट १ केला आणि परत भरलं. सहा तसाच. उलट नवाची वरची रेघ गेली.

"आता नवाचं डोकं उडालं," मामा.

त्या जागी १ आधीच होता, आणि मी घाईत बिट "१ केला" नव्हता, उलटवला होता. पण नवाचा का? दहा मिनिटं लागली. राउटरने सोयीप्रमाणे त्या एलयूटीचे इनपुट अदलाबदल केले होते: पहिल्या पिनेवर क्यू२, मग क्यू०, क्यू३, क्यू१ (क्यू० ते क्यू३ हे काउंटरचे चार बिट). या क्रमात सहा हा आकडा नवव्या जागी पडतो आणि नऊ सहाव्या. सहाव्या जागेचा बिट पूर्ववत केला, नवव्या जागेचा १ केला, ९७६ बिट पुन्हा सरकवले.

सहाला टोपी आली. मामा अजून एक फेरा बघेपर्यंत आईने ताट बाहेर आणलं होतं.